लुटेफिस्कचं जेवण आणि बुधवारची पंगत: एका लुथरन मंडळीच्या कार्यक्रमांचं प्रकरण

पार्श्वभूमी

अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्याच्या दक्षिण भागातलं हे एक छोटं शहर. भोवती मका आणि सोयाबीन, कडेला मांसप्रक्रियेचा मोठा कारखाना, आणि लोकसंख्येच्या मानाने चर्चेस अंमळ जास्तच. त्यातलं एक लुथरन, म्हणजे मार्टिन लुथरच्या परंपरेतलं प्रोटेस्टंट चर्च नॉर्वेहून आलेल्या शेतकऱ्यांनी एकोणिसाव्या शतकात बांधलं. आज ही मंडळी, म्हणजे या चर्चच्या सभासदांचा समुदाय, ईएलसीएत, म्हणजे इव्हँजेलिकल लुथरन चर्च इन अमेरिका या संस्थेत मोडते. तीन लुथरन संस्था एकत्र येऊन १९८८ साली ती सुरू झाली. रविवारी उपासनेला शंभराच्या आतबाहेर माणसं येतात, बहुतेकांची साठी उलटलेली. ओळख पटू नये म्हणून शहराचं किंवा कोणाचंच नाव इथे दिलेलं नाही. काही बारीक तपशीलही बदलले आहेत.

मी मूळची अहिल्यानगरची. आमच्या घराचा वारसा अमेरिकन मराठी मिशन या मिशनरी संस्थेचा, आता चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचा. इथे आल्यावर घराजवळचं चर्च लुथरन निघालं म्हणून आम्ही लुथरन झालो. लुथरचा सिद्धान्त वगैरे नंतर समजला. २०२५ मध्ये मी मंडळीच्या संपर्क समितीत होते. गावासाठी काय करायचं, कधी करायचं आणि कोणी करायचं हे ठरवणारी ही समिती.

इथलं चर्चच्या कामाचं वर्ष लेबर डेनंतर, म्हणजे सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारनंतर, सुरू होतं. सप्टेंबरात संडे स्कूल उघडते. दुसऱ्या रविवारी ईएलसीएभर सेवेचा दिवस असतो: उपासना आटोपून लोक कोणाचं अंगण साफ करतात, कोणी मदतीची पाकिटं भरतात. ऑक्टोबरात गोधड्या. वर्षभर दर मंगळवारी बायका तळघरात बसून जुन्या कापडांच्या गोधड्या शिवतात आणि त्या लुथरन वर्ल्ड रिलीफमार्फत परदेशातल्या निर्वासितांकडे जातात. पाठवण्याआधीच्या रविवारी त्या सगळ्या बाकांच्या पाठींवर पसरून ठेवतात. एरवी फिकट दिसणारं ते चर्च त्या दिवशी ओळखू येत नाही. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी लुथरने सुरू केलेल्या धर्मसुधारणेचा दिवस, वेदीवर लाल वस्त्र. त्याच आठवड्यात हॅलोवीन: पार्किंगमध्ये गाड्यांच्या डिक्या सजवून मुलांना गोळ्या-चॉकलेटं वाटायची. मग सर्व संतांचा रविवार, लुटेफिस्कचं जेवण, हंगामाच्या सुगीचं जेवण, थँक्सगिव्हिंगच्या आदल्या रात्रीची उपासना. डिसेंबरात आगमनकाळाचे, म्हणजे नाताळाआधीच्या आठवड्यांतले, सूपवाले बुधवार, १३ तारखेला लुसिया हा स्कँडिनेव्हियन दिव्यांचा सण, आणि शेवटी नाताळची मेणबत्त्यांची रात्र.

लुटेफिस्कबद्दल थोडं सांगायला हवं. वाळवलेला कॉड मासा क्षाराच्या पाण्यात भिजवतात, मग कित्येक दिवस साधं पाणी बदलत धुतात, आणि उकडला की तो थरथरत्या जेलीसारखा होतो. वर पातळ केलेलं लोणी. सोबत लेफ्से, म्हणजे बटाट्याची पातळ पोळी, आणि ज्यांना मासा झेपत नाही त्यांच्यासाठी खिम्याचे गोळे. वासाची फार टिंगल होते. सुक्या बोंबलांवर वाढलेल्या माणसाला त्यात विशेष काही वाटत नाही. हे जेवण तिकिटाचं असतं, लोक तास-तास गाडी चालवून येतात, आणि चर्चच्या डागडुजीचा मोठा खर्च त्यातून निघतो.

अडचण

ऑगस्टच्या बैठकीत फळ्यावर वर्षाअखेरपर्यंतचे सगळे कार्यक्रम लिहिले. प्रत्येकासमोर जबाबदार माणसांची नावं लिहिली, तेव्हा दिसलं की तीच डझनभर नावं खालीवर फिरत आहेत. लुटेफिस्कची कढई सांभाळणारे निवृत्त गवळी आजोबा ऐंशीच्या पुढचे. गोधड्या शिवणाऱ्या बायकाच लेफ्से लाटतात, त्याच सूप करतात, आणि अंत्यविधीनंतरचं जेवणही त्याच वाढतात.

दुसरी गोष्ट कोषाध्यक्षांनी काढली. वार्षिक अहवालात यातले बहुतेक कार्यक्रम 'आउटरीच' या शीर्षकाखाली जात होते. पण येत कोण होतं? लुटेफिस्कला आजूबाजूच्या गावांतले नॉर्वेजियन वंशाचे लोक. लुसियाला नातवंडांचे आजीआजोबा. सुगीचं जेवण खास 'नव्या शेजाऱ्यांसाठी' ठेवलं होतं, मोफत. आदल्या वर्षी त्याला मंडळीचेच लोक आले आणि उरलेलं अन्न डब्यांत भरून घरी घेऊन गेले.

कारखान्यातली माणसं तोवर बदलली होती. आधी लॅटिन अमेरिकेतून लोक आले, नंतर म्यानमारमधून निर्वासित कॅरेन कुटुंबं. शाळेच्या वर्गात निम्मी मुलं यांची. चर्चच्या दारात मात्र कोणी नाही. मंडळीचा कारभार पाहणाऱ्या कौन्सिलमधल्या एका सदस्याचं म्हणणं होतं की त्यांना रसच नसावा. पास्टरबाईंनी एवढंच विचारलं, की आपल्यापैकी कोणी त्यांना विचारलंय का.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय नेहमीचाच: सगळे कार्यक्रम ठेवायचे आणि आणखी स्वयंसेवक शोधायचे. याला विरोध कोणीच करत नाही, म्हणूनच तो दरवर्षी निवडला जातो. स्वयंसेवक मात्र मिळत नाहीत.

दुसरा पर्याय समितीतल्या तरुण सदस्यांचा. लुटेफिस्क बंद करा, त्या श्रमात गावासाठी काहीतरी करा. ऐकायला बाणेदार, पण त्यात दोन गफलती होत्या. त्या जेवणातून बॉयलरच्या दुरुस्तीचे पैसे येणार होते. हिवाळ्यात उणे वीस-पंचवीसला बॉयलर बंद पडला तर गावासाठी उघडायला इमारतच राहणार नाही. शिवाय जी माणसं मासा उकडायला पहाटे उठतात ती तो बंद केला म्हणून दुसऱ्या कामाला पहाटे उठतीलच असं नाही. माणसं आवडीच्या कामासाठी राबतात, वाचलेल्या वेळाची बदली होत नाही.

तिसरा पर्याय इमारत देण्याचा होता. कॅरेन लोकांची स्वतःची वेगळी ख्रिस्ती मंडळी होती, तिला मोठं तळघर आणि स्वयंपाकघर हवं होतं. ते भाड्याने, नाममात्र दराने द्यायचं आणि बाकी काही करायचं नाही. मला हा पर्याय बराच प्रामाणिक वाटला. पण त्याने दोन मंडळ्या एकाच छताखाली वेगवेगळ्या वेळी येतात, भेटत नाहीत. विम्याचे आणि चाव्यांचे प्रश्नही होते. तो पुढच्या वर्षावर गेला.

चौथा पर्याय चर्चेतून हळूहळू आकाराला आला. आपल्यासाठीचे कार्यक्रम आणि गावासाठीचे कार्यक्रम वेगळे लिहायचे. लुटेफिस्क, लुसिया, मेणबत्त्यांची रात्र ही आपली आहेत. ती आनंदाने करावीत, पण त्यांनी शेजारधर्म पाळल्याचं समाधान मिळवू नये. गावासाठी एकच गोष्ट करायची, पण ती दर आठवड्याला, त्याच दिवशी, त्याच वेळी.

वेळ कोणाची

इथे पहिला खरा निर्णय आला. सुगीचं जेवण आम्ही रविवारी दुपारी, उपासनेनंतर ठेवत होतो, कारण तेव्हा आम्ही तिथे असतो. पास्टरबाई आणि समितीतल्या दोघी कॅरेन मंडळीच्या पाळकांना आणि शाळेतल्या स्पॅनिश दुभाषी बाईंना भेटल्या. उत्तर पाच मिनिटांत मिळालं. रविवारी दुपारी कॅरेन लोक आपल्या चर्चमध्ये असतात, त्यांची उपासना आणि जेवण मिळून दिवस जातो. स्पॅनिश बोलणारे कॅथलिक मिस्साला असतात. रविवारी दुपारी न येण्यात बेपर्वाई काहीच नव्हती. ते आमच्यासारखेच चर्चला गेलेले होते.

मग कधी? मिनेसोटात बुधवारची संध्याकाळ चर्चची मानली जाते. बऱ्याच शाळा त्या संध्याकाळी सामने किंवा कार्यक्रम ठेवत नाहीत. आमच्याकडे तेव्हा कन्फर्मेशनचे, म्हणजे किशोरवयीन मुलांना श्रद्धेची शिकवण देणारे, वर्ग असतात आणि त्याआधी मुलांसाठी साधं जेवण बनतंच. म्हणजे चूल पेटलेलीच होती. कारखान्याची पहिली पाळी दुपारी सुटते, तेव्हा संध्याकाळी साडेपाच ही वेळ त्या घरांना जमणारी होती. ठरलं: सुगीचं वेगळं जेवण रद्द, डिक्यांचं हॅलोवीन रद्द (गावाची नगरपालिका तेच करते), आणि बुधवारचं जेवण सगळ्या गावाला खुलं.

कौन्सिलमध्ये एकाने विचारलं की मग यात नवीन कार्यक्रम कुठे आहे. नव्हताच. मला तेच बरं वाटलं.

दारात काय ठेवायचं

बाहेरून पाहणाऱ्याला क्षुल्लक वाटेल, पण समितीचा सर्वाधिक वेळ दारातल्या टेबलावर गेला.

त्या टेबलावर पूर्वी तीन गोष्टी असत: ऐच्छिक दानाची टोपली, नाव-पत्ता-फोन लिहायची वही, आणि मंडळीची माहितीपत्रकं. टोपली पहिल्याच बुधवारी अडली. एक कॅरेन आई दोन मुलांना घेऊन आली, टोपलीतल्या नोटा पाहिल्या आणि तिकीट असावं असं समजून परत वळली. संडे स्कूलची एक मुलगी तिच्या मुलाच्या वर्गातली होती म्हणून धावत जाऊन तिला घेऊन आली. टोपली दुसऱ्या आठवड्यापासून आतल्या जिन्यापाशी गेली, जिथे मंडळीच्या लोकांना ती कुठे आहे ते ठाऊक असतं.

वहीवर मतभेद झाले. किती लोक जेवले हे कळायला हवं, शिवाय काही देणगीदार आकडे मागतात, असं एका बाजूचं म्हणणं. पण चर्च, शाळा, इस्पितळं अशा जागी स्थलांतर विभागाने शक्यतो कारवाई करू नये हा संकेत केंद्र सरकारने जानेवारी २०२५ मध्ये मागे घेतला होता. ज्यांची कागदपत्रं चोख आहेत अशांनाही आपलं नाव एखाद्या वहीत लिहून ठेवायची भीती वाटू लागली होती. तोडगा गवळी आजोबांनी काढला: ताटं मोजा. सुरुवातीला किती ठेवली, शेवटी किती उरली. फोटो काढायचे नाहीत हेही तेव्हाच ठरलं. मंडळीच्या मासिक पत्रकासाठी फोटो लागतात म्हणून एका बाईंना ते पटलं नाही, पण त्यांनी ऐकलं.

तिसरा मुद्दा माहितीपत्रकांचा, आणि तो माझ्या जिव्हाळ्याचा. टेबलावर पत्रकं ठेवावीत, प्रत्येक ताटाजवळ एक, असा प्रस्ताव आला. त्यात वाईट हेतू नव्हता. पण १८७६ ते ७८ च्या आणि १८९९-१९०० च्या दुष्काळात नगर भागात मिशनने अन्न दिलं, अनाथ मुलं सांभाळली, आणि त्याच काळात बाप्तिस्मेही वाढले. ज्यांनी श्रद्धेने निर्णय घेतला त्यांनाही पोटासाठी धर्म बदलल्याचा टोमणा पिढ्यान्‌पिढ्या ऐकावा लागला. आमच्या घरात तो टोमणा माझ्या आजीपर्यंत पोचलेला होता. हे मी बैठकीत सांगितलं. ज्या हाताने ताट दिलं त्याच हाताने पत्रक दिलं, की घेणाऱ्याला आयुष्यभर सिद्ध करत बसावं लागतं की मी फक्त जेवलो होतो, किंवा फक्त विश्वास ठेवला होता.

समोर बसलेल्या नॉर्वेजियन आज्यांना भारतातला दुष्काळ कुठून माहीत असणार, पण मुद्दा कळला. पत्रकं जिन्याच्या फळीवर गेली. जेवणाआधीची प्रार्थना मात्र ठेवली: 'ये, प्रभू येशू, आमचा पाहुणा हो' ही लुथरन घराघरांत म्हटली जाणारी छोटी प्रार्थना. आपल्या घरी आपण जेवायच्या आधी जे म्हणतो ते म्हणायचं, कोणाला हात जोडायला सांगायचं नाही.

बुधवारचं हे जेवण म्हणजे पाळकांच्या भाषेत प्रीतिभोजन. ताटात काय असायचं हेही ठरवावं लागलं. इथलं आवडतं हॉटडिश म्हणजे मांस, मशरूमचं घट्ट सूप आणि वर बटाट्याचे तळलेले तुकडे, सगळं ओव्हनमध्ये. डुकराचं मांस घातलं असेल तर स्पष्ट लिहायचं ठरलं. सोमाली मुस्लिम कुटुंब आलं तर अडचण नको. भात सुरू केला. काउंटीच्या आरोग्य कार्यालयाला विचारून नियम कळले: गरम अन्न १३५ फॅरनहाइटच्या खाली जाऊ द्यायचं नाही, थंड पदार्थ ४१ च्या वर नाही. घरून आणलेली हॉटडिशं यात टिकत नव्हती, म्हणून स्वयंपाक चर्चच्या स्वयंपाकघरातच करायचं ठरलं.

नोव्हेंबरचा पहिला आठवडा

इथवरचं सगळं ठरवून झालेलं. पुढचं अंगावर आलं. १ ऑक्टोबरला केंद्र सरकारचं कामकाज अंदाजपत्रकाच्या भांडणात ठप्प झालं, आणि महिनाअखेरीस स्पष्ट झालं की नोव्हेंबरची स्नॅपची मदत वेळेवर येणार नाही. किराण्यासाठीची ही मदत, जुन्या लोकांच्या तोंडी अजून फूड स्टँप, तेव्हा देशभरात सुमारे ४ कोटी २० लाख माणसं वापरत होती. आमच्या मंडळीतली काही वृद्ध माणसंही ती घेत होती, हे तेव्हा पहिल्यांदा कळलं.

बुधवार ५ नोव्हेंबरला प्रीतिभोजन, शनिवार ८ तारखेला लुटेफिस्क. एका बाजूला शेजाऱ्यांची फ्रिजं रिकामी, दुसऱ्या बाजूला तिकीट काढून लोण्यात बुडवलेला मासा. शनिवारचं जेवण रद्द करा, किंवा त्याची सगळी कमाई गावाच्या धान्यकेंद्राला द्या, अशी मागणी आली. भावना खरी होती.

कोषाध्यक्षांनी विरोध केला आणि त्यांचं बरोबर होतं. तिकिटं बॉयलरच्या नावाने विकली होती. ज्या कारणासाठी पैसे मागितले त्याऐवजी दुसरीकडे वळवायचे, कारण कितीही चांगलं असो, तर देणाऱ्याला विचारावं लागतं. मासा आधीच आलेला आणि भिजवलेला. शेवटी जेवण ठेवलं, त्याचे पैसे बॉयलरलाच ठेवले, आणि दारात धान्यकेंद्रासाठी वेगळी पेटी ठेवून जाहीर केलं की ती वेगळी आहे. जेवणाच्या वेळी पास्टरबाईंनी एकदाच, दोन मिनिटांत परिस्थिती सांगितली. पेटीत आदल्या कुठल्याही वर्षीच्या दानापेक्षा जास्त पैसे जमले. जे तास-तास गाडी चालवून आले होते त्यांनीच बहुतेक दिले. उरलेले खिम्याचे गोळे गोठवून पुढच्या बुधवारी वाढले.

१२ नोव्हेंबरला सरकार पुन्हा सुरू झालं. योगायोगाने तो बुधवारच होता.

काय झालं

नाताळपर्यंत बुधवारच्या ताटांची संख्या सप्टेंबरच्या जवळपास दुप्पट झाली. काही कॅरेन कुटुंबं नेमाने येऊ लागली. त्यांतल्या दोघी बायकांना गोधड्या दिसल्या, त्या मंगळवारी येऊन बसू लागल्या. त्यांचे टाके आमच्या आज्यांपेक्षा बारीक आणि भराभर; यावर आज्यांनी काही दिवस थोडं तोंड वाकडं केलं, मग शिकून घेतले. एका कॅरेन आजोबांनी लुटेफिस्क चाखला, घरच्या माशांच्या चटणीपेक्षा वास कमी आहे असं मुलीमार्फत सांगितलं, आणि गवळी आजोबांना हे फारच आवडलं.

स्पॅनिश बोलणारी कुटुंबं मात्र फारशी आली नाहीत. ऑक्टोबरात काही आली, मग कारवाईच्या अफवा पसरल्या आणि एकदम थांबली. दारातली वही काढून टाकल्याने ही भीती जात नाही. पुढे त्यांच्यासाठी डबे भरून दुभाषी बाईंमार्फत पोचवायला सुरुवात झाली. ते चालू आहे, पण तिथे आम्ही त्यांना भेटत नाही.

मंडळीतल्या एका जुन्या कुटुंबाने बुधवारी यायचं सोडलं. गोंगाट फार होतो म्हणाले. डिक्यांचं हॅलोवीन गेल्याचा काही पालकांना राग होता. रविवारची उपस्थिती वाढली नाही, हे एका कौन्सिल सदस्याने जानेवारीच्या वार्षिक सभेत लक्षात आणून दिलं. वाढायची नव्हतीच, कारण कॅरेन लोकांची रविवारची जागा त्यांच्या स्वतःच्या चर्चमध्ये आहे. पण हे उत्तर सगळ्यांना पटलं असं म्हणता येणार नाही.

आज पुन्हा करायचं तर

दुभाष्याचं काम मुलांवर पडलं. बारा-तेरा वर्षांची मुलं आईवडिलांसाठी बोलत होती, स्नॅपच्या पत्रांचे अर्थही तीच सांगत होती. एवढी जड बातमी लेकराच्या तोंडून आईला कळावी हे बरं नाही. ज्या आठवड्यात मदत थांबणार हे कळलं त्याच आठवड्यात मोबदला देऊन प्रौढ दुभाषी ठेवायला हवा होता. लुथरन संघटनांकडून अशा छोट्या खर्चासाठी पैसे मिळतात, त्यासाठी अर्ज आधी टाकून ठेवावा लागतो.

स्वयंपाकघरात कॅरेन बायकांना नोव्हेंबरअखेरीपर्यंत बोलावलं गेलं नाही. त्या पाहुण्या आहेत, त्यांना कामाला कसं लावायचं, हा संकोच. त्यांच्या बाजूने पाहिलं तर आठवड्यामागून आठवडे दुसऱ्याचं खायचं आणि आपलं काही वाढायचं नाही, यात अवघडलेपण जास्त. पहिल्या महिन्यातच एक बुधवार त्यांच्या हाती देता आला असता.

डझनभर नावांचा प्रश्न अर्धाच सुटला. दोन कार्यक्रम कमी झाले, पण बुधवारचं जेवण दर आठवड्याचं असल्याने भांडी घासणारे तेच राहिले. कन्फर्मेशनच्या मुलांना वर्गानंतर अर्धा तास भांड्यांना लावायचं असा प्रस्ताव आहे; मुलांचे आईवडील राजी आहेत, मुलांना अजून विचारलेलं नाही.

तळघर कॅरेन मंडळीला देण्याचा तिसरा पर्याय पुन्हा पुढे आला आहे. आता चाव्यांचा प्रश्न कोणाला फारसा मोठा वाटत नाही. विम्याचा आहे.